अर्धी ज्योत

१

आमच्या घरात साखर फक्त नानांसाठी यायची. मला मधुमेह आहे. कस्तुरी, माझी बायको, कॉफी पिते तीही कोरी. आणि आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकत असताना साखर सोडली ती सोडलीच. नाना, माझे सासरे, स्वतः डॉक्टर असून चहात दोन चमचे भरून घालायचे, आणि कोणी बघितलंच तर म्हणायचे, पेशंटला सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

नोव्हेंबरात नाना गेले. बेसिंगस्टोकच्या आमच्या घरात, वरच्या मागच्या खोलीत, दुपारी जेवल्यानंतरच्या झोपेत. कस्तुरीनं साखरेची बरणी वरच्या फळीवर केकच्या साच्यांमागे ठेवून दिली. अँब्युलन्सवाल्यांसमोर ती रडली नव्हती, ही बरणी ठेवताना रडली.

आईंनी एकच गोष्ट मागितली. नानांनी जिथे प्राण सोडला तिथे, त्यांच्या खाटेजवळ, अस्थी घरी येऊन दहावं होईपर्यंत दिवा अखंड तेवत राहिला पाहिजे. मध्ये खंड पडला तर गेलेलं माणूस वाट चुकतं, असं त्यांच्या माहेरी मानतात. मी असल्या गोष्टींवर वाद घालत नाही. अडचण वेगळीच होती. नानांना शेवटी ऑक्सिजन लागायचा. ते यंत्र आणि दोन सिलिंडर कंपनीनं अजून नेले नव्हते. त्या खोलीत ज्योत, उदबत्ती, काडी काही पेटवायचं नाही, असं नर्सनं बजावून सांगितलं होतं. त्यात क्रेमेटोरियमची तारीख मिळाली ती तिसऱ्या आठवड्यातली. म्हणजे दिवाही तितका लांबणार.

शेवटी देवघरातली विजेची समई काढली. लेस्टरच्या दुकानात मिळते तसली: पितळी रंगाचा दांडा आणि वर एक छोटा निऑनचा बल्ब. बल्बच्या आत ज्योतीच्या आकाराच्या पत्र्याच्या दोन पाकळ्या, एकमेकींना न चिकटता उभ्या. विजेवर लावला की दोन्ही पाकळ्यांवर नारिंगी उजेड थरथरत राहतो. आईंनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "चालेल. त्यांना बल्बचीच सवय होती."

२

त्या आठवड्यात वादळं लागून आली होती आणि आमच्या रस्त्यावरची वीज अधूनमधून जात होती. अखंड दिवा घरच्या विजेवर ठेवणं बरोबर नव्हतं. माझ्याकडे गॅरेजमध्ये दहा जुन्या बॅटऱ्या एकामागून एक जोडून ठेवलेल्या होत्या, चार्जरवर कायम भरलेल्या. त्यांच्यापासून एक वायर जिन्यातून वर नेली आणि समईला जोडली.

एकच पाकळी पेटली. डावी. उजवी काळी राहिली.

यात काही बिघाड नव्हता. बॅटरीची वीज एकाच दिशेनं वाहते आणि निऑनच्या बल्बमध्ये ज्या पाकळीकडे ऋण टोक असतं तेवढीच उजळते. वायरी उलटवल्या की दुसरी पेटते आणि पहिली विझते. घरातल्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, म्हणून आपल्याला दोन्ही पेटलेल्या दिसतात. मी हे सगळं आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे अंबरीशराव, पण अर्धी ज्योत लावून कुणाला निरोप देत नाहीत."

बाजारात तयार इन्व्हर्टर मिळतो, हे मलाही माहीत आहे. पण गॅरेजच्या टेबलावर माझा स्वतःचा इन्व्हर्टर उभा होता. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासतो. इलेक्ट्रॉनिक्स लायब्ररीतून पुस्तकं आणून शिकलो. दोन वर्षं खपून मी थायरेट्रॉन नावाच्या दोन जुन्या व्हॉल्व्हवर तो बांधला होता आणि त्याला आजवर काहीच काम नव्हतं.

थायरेट्रॉन म्हणजे वायू भरलेली काचेची नळी, मुठीएवढी. आधी तिचा तंतू काही मिनिटं तापू द्यायचा, मग ती पेटते आणि आत जांभळा उजेड भरतो. तिचा स्वभाव असा की एकदा पेटली की आपण होऊन विझत नाही. तिला विझवायचं तर दुसरी पेटवावी लागते. दुसरी पेटली की मधल्या, वीज साठवणाऱ्या कंडेन्सरमधून असा झटका बसतो की पहिली गप्प होते. मग पहिली पुन्हा पेटते आणि दुसरीला विझवते. या आळीपाळीतून बॅटरीची सरळ वीज उलटसुलट होऊन बाहेर पडते. दोघी एकदम पेटल्या तर फ्यूज उडतो. डोळ्यांना मात्र दोन्ही सतत पेटलेल्या दिसतात.

समईजवळ भिंतीवर मी एक बदलीचा स्विच बसवला. एकीकडे इन्व्हर्टर, दुसरीकडे थेट बॅटरी. व्हॉल्व्ह दगा देऊ लागले तर खटका मारायचा. अर्धी का होईना, ज्योत राहील.

दोन्ही पाकळ्या पेटल्या. आईंनी नमस्कार केला.

३

खाटेशेजारी नानांची पाठ उंच असलेली खुर्ची होती. आई तिच्यात बसू लागल्या. जेवायला खाली यायच्या, थोडं फिरायच्या, पुन्हा वर जाऊन बसायच्या. खोलीत इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरची बारीक घुमघुम जमिनीतून यायची. पाऊल ठेवलं की तळव्याला कळायची. ऑक्सिजनचं यंत्र बंद झाल्यापासून खोली फार गप्प झाली होती, तेव्हा हा आवाज आईंना बरा वाटत असावा.

एका शनिवारी त्या गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह बघायला आल्या. त्यांना त्या 'काचा' म्हणायच्या. शाल घट्ट करून त्यांनी दोन्ही जांभळ्या नळ्या नीट पाहिल्या आणि मी समजावत असलेलं मध्येच तोडून म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखंच की."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं. मँचेस्टरला नाना ज्युनियर डॉक्टर आणि आई वॉर्डात नर्स. राहायला एक खोली, झोपायला एक खाट. कस्तुरी झाल्यावर दोघांनी मुद्दाम उलटसुलट ड्यूटी मागून घेतली. नाना रात्री, तर आई दिवसा. ती खाट म्हणे वर्षानुवर्षं गार झाली नाही. भेट दारात व्हायची. पोरीला एकमेकांच्या हातात द्यायचं, दूध किती प्यायली ते सांगायचं आणि बस पकडायला पळायचं. वॉर्डातही तोच नियम: पुढची नर्स आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. रिलीफ आली की मगच उठायचं.

"भांडायलासुद्धा वेळ मिळाला नाही," आई म्हणाल्या. "निवृत्त झाल्यावर भांडलो."

४

मी रोज झोपण्याआधी चार ओळी लिहितो. काय दुरुस्त केलं, रक्तातली साखर किती, कोण काय म्हणालं. त्यामुळे लहान गोष्टी लक्षात राहतात. साखरेची गोष्ट मला म्हणूनच खटकली असेल.

आईंना वर चहा दिला. त्यांनी घोट घेतला, कप जरा लांब धरला आणि विचारलं, साखर संपली का? मला वाटलं, नानांच्या आठवणीत बोलल्या. मी म्हटलं, तुम्ही बिनसाखरेचा घेता ना. त्या किंचित गोंधळल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "हो की. पण आज एक चमचा घाला."

बरणी खाली आली. दुसऱ्या दिवशीही एक चमचा. दोन चमचे घातले तर फार गोड, बिनसाखरेचा दिला तर फिका. मी कस्तुरीला बोललो. ती म्हणाली, अरे नवरा गेलाय तिचा, खाऊ दे साखर. हे बरोबरच होतं. शोकात माणसाची जीभ बदलते, झोप बदलते. मी तसंच लिहून ठेवलं.

पण बाकीच्या गोष्टीही तशाच निम्म्यावर येत होत्या. आईंना उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, नानांचे कान मात्र तल्लख होते. आता कधी जिन्यातलं कुजबुजणं कळायचं, कधी समोरचं नाही. नाना बातम्या लावायचे आणि आईंना त्यांचा कंटाळा. आता त्या टीव्ही लावायच्या आणि मथळे संपले की बंद करायच्या. खुर्चीच्या उशीत पडलेला खळगा त्यांच्या अंगापेक्षा मोठा होता, पण नानांचा म्हणावा इतका नव्हता.

शून्य आणि दोन यांचा मध्य एक येतो. हे माझ्या मनात आलं आणि मी ते लिहिलं नाही.

५

तनया, आमची मुलगी, मँचेस्टरला शिकते. परीक्षा असल्यामुळे ती आली नव्हती. कस्तुरीनं तिला दाखवायला फोनवर खोलीचा व्हिडिओ काढला: समई, नानांचा फोटो, खुर्चीत आजी. संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही भाजी चिरत असताना तिचा व्हॉइस मेसेज आला. कस्तुरीनं स्पीकरवर लावला.

"आई, व्हिडिओ खूप फ्लिकर होतेय. आणि आजी पण ब्लिंक होतोय. एकदा चेअरमध्ये दिसतो, एकदा नाही. इट्स सो वीअर्ड."

कस्तुरी हसली ती तिच्या मराठीला. दरवेळी आजीचा आजोबा करते, म्हणाली. मी हात पुसून व्हिडिओ पाहिला. हे कशामुळे होतं ते मला ठाऊक होतं. कॅमेऱ्याचा वेग आणि दिव्याचा वेग जुळत नाहीत, तेव्हा जे आपल्याला अखंड दिसतं ते फोनवर तुटक दिसतं. पडद्यावर पाकळ्या एकीमागून एक पेटत होत्या, सावकाश, श्वासासारख्या. डावी पेटली की भिंतीवर सावली उजवीकडे पडे, उजवी पेटली की डावीकडे. ऑक्सिजनचे सिलिंडर असल्यानं खबरदारी म्हणून खोलीतले दुसरे दिवे बंद होते, बाहेर चारलाच अंधार पडलेला. त्यामुळे खुर्ची त्या दोन पाकळ्यांवरच दिसत होती.

डाव्या पाकळीला आई होत्या. उजव्या पाकळीला नुसती शाल होती, खुर्चीच्या हातावर टाकलेली.

व्हिडिओ छोटा होता. मी तो पुन्हा लावला, थांबवला, मोठा केला. मोठा केल्यावर नुसते ठिपके उरले. पाकळ्या आणि आई एकाच तालात दिसणं साहजिक होतं, कारण उजेडाशिवाय आई दिसणारच नाहीत. पण उजव्या पाकळीलाही उजेड होताच. शाल दिसत होती. खुर्चीचा हात दिसत होता.

तेव्हा पहिल्यांदा मला नीट कळलं की मी काय करून ठेवलंय. आईंनी अखंड दिवा मागितला होता. माझ्याकडे बॅटरीची सरळ, न तुटणारी वीज होती, आणि मी ती हौसेनं तोडली होती. सेकंदाला शंभर वेळा तो दिवा विझत होता.

६

मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, कारण कॅमेऱ्यावर माझा विश्वास नाही. इन्व्हर्टरचा वेग कमी करायला एक बटण आहे. फार कमी केला तर ट्रान्सफॉर्मरला झेपत नाही, पण थोडा वेळ चालतं. दुसऱ्या दिवशी, उजेड मावळल्यावर, कस्तुरीला गॅरेजमध्ये उभं केलं आणि मी वर दारात उभा राहिलो, दोघांचे फोन चालू. तिला सांगितलं की दिवा तपासायचाय. आई खुर्चीत होत्या, हातात जपाची माळ. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

"कमी कर," मी म्हटलं.

घुमघुम खाली उतरली. पाकळ्या फडफडू लागल्या.

"अजून?"

"अजून थोडं."

"अंबरीश, हे तुझं यंत्र माझ्यावर गुरगुरतंय. उडालं तर मी जबाबदार नाही."

"अजून."

खोली डावी-उजवी होऊ लागली. आधी मला फक्त सावल्यांची धावपळ दिसली. मग डोळा सरावला. डावीला आई होत्या, माळेवरचं बोट आणि सगळं. उजवीला आई नव्हत्या. शाल खुर्चीच्या हातावर होती. आणि खुर्ची रिकामी नव्हती. खालच्या बाजूला राखाडी पट्ट्यांच्या पायजम्यातले दोन गुडघे होते, उंच माणसाचे, खुर्चीबाहेर बरेच पुढे आलेले. त्यांच्यावर दोन हात पालथे ठेवलेले, वाट बघणाऱ्या माणसासारखे.

मी नजर वर नेली नाही. नेता आली असती.

"वाढव," मी म्हटलं. "होता तिथे आण."

घुमघुम वर चढली, पाकळ्या एक झाल्या. आई जप करत होत्या. मी विचारलं, आई, बरं वाटतंय ना? त्यांनी मणी ओढला आणि साधेपणानं म्हणाल्या, "मला काय झालंय? आम्ही पाळीपाळीनं बसतो."

७

मी घाबरलो नव्हतो, निदान तसं वाटत नव्हतं. मला एकच दिसत होतं: प्रत्येक सेकंदातला अर्धा सेकंद आई या घरात नव्हत्या. व्हॉल्व्ह जुने होते. एखादा अडकला तर दिवा कुठल्या पाकळीवर थांबेल हे माझ्या हातात राहणार नव्हतं.

तसलाच दुसरा बल्ब गॅरेजमध्ये होता. त्यावर वायरी तपासल्या. कोणती कुठे जोडली की डावी पेटते ते पाहिलं, रंगीत टेप लावली, पुन्हा पाहिलं. मग वर जाऊन बदलीच्या स्विचमध्ये त्या तशा बसवल्या. आईंना म्हटलं की व्हॉल्व्ह थकलेत, दिवा बॅटरीवर घेतो, अर्धीच ज्योत राहील. स्विचवर हात ठेवून मी टेपचा रंग तिसऱ्यांदा पाहिला आणि खटका मारला.

डावी पाकळी स्थिर पेटली. घुमघुम थांबली. आई खुर्चीत होत्या, पूर्ण, शाल अंगावर. त्यांनी दाराकडे पाहिलं, जिन्याकडे, कोणी यायचं राहिलं असल्यासारखं.

रात्री त्यांनी चहा मागितला. बिनसाखरेचा. मी बरणी पुन्हा साच्यांमागे ठेवली आणि मला बरं वाटलं.

तेव्हापासून आई झोपल्या नाहीत.

आधी आम्हाला कळलंच नाही. सकाळी जावं तर त्या खुर्चीत, ताज्यातवान्या, कधी आलात म्हणून विचारणाऱ्या. मग कस्तुरी एक रात्र नानांच्या खाटेवर आडवी झाली, आणि तिला जाग येईल तेव्हा आई उघड्या डोळ्यांनी दिव्याकडे बघत असलेल्या. जीपीनं, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरनं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही झालं नाही. रक्तदाब उत्तम, नाडी उत्तम. खोलीबाहेर मात्र त्या फार वेळ राहत नसत. जेवता जेवता उठायच्या. विचारलं तर म्हणायच्या, वॉर्ड रिकामा आहे.

नानांना निरोप दिला. अस्थी घरी आल्या. दहावं गुरुजींनी स्लाऊहून व्हिडिओवर सांगितलं तसं केलं. ऑक्सिजनवाले येऊन सिलिंडर घेऊन गेले. आता दिवा शांत करायला कुणाचीच हरकत नव्हती. कस्तुरी म्हणाली, आई, आता मालवू या. आई म्हणाल्या, "रिलीफ आल्याशिवाय कसा मालवायचा, बाळ?"

कस्तुरीनं माझ्याकडे पाहिलं. ती खाली गेल्यावर मी ठरवलं की हा प्रकार संपवावा. आई चहा पीत होत्या, कप छातीशी धरलेला. मी समईचा बल्ब चिमटीत धरून जरासा सैल केला. पाकळी विझली आणि लगेच पेटली. सैल झालेला संपर्क तेवढा तुटून पुन्हा जुळला. तेवढ्यात कप जमिनीवर फुटला. तो मांडीवर सांडला नाही, शालीला लागला नाही. जिथे धरलेला होता तिथून सरळ खाली, खुर्चीच्या बसायच्या जागेवर आपटून, पडला. पेटलेल्या दिव्यात आई होत्या. स्वतःच्या रिकाम्या बोटांकडे बघत होत्या.

मी बल्ब घट्ट केला आणि चहा पुसला.

८

त्यानंतरच्या रविवारी मी गॅरेजमध्ये होतो. वर आलो तर आई जिन्यात भेटल्या. एका हातानं कठडा धरून, जांभया देत. इतकी मोठी जांभई मी त्यांना देताना पाहिली नव्हती. म्हणाल्या, "कस्तुरी बसलीये. मी जरा पडते हं, अंबरीशराव." पुढच्या खोलीत जाऊन त्या झोपल्या त्या सोमवारी दुपारपर्यंत. उठल्या, पोहे मागितले, मीठ कमी आहे म्हणाल्या. त्यांच्यात त्या खोलीचं काही राहिलं नव्हतं.

कस्तुरी खुर्चीत होती. आईला सांगितलं होतं तिनं, ऊठ, मी बसते, जा तू. इतकंच. मांडीवर लॅपटॉप घेऊन ती ऑफिसचं काम करत होती. सोमवारी संध्याकाळी मी तिला खाली चल म्हटलं. आले, म्हणाली, आणि आली नाही. मंगळवारी तिचे डोळे फार स्वच्छ होते.

"झोपलीस का?" मी विचारलं.

"नाही रे. आणि गंमत म्हणजे थकवाच नाही. इतका बॅकलॉग संपला माझा." मग हळू आवाजात, "अंबरीश, बाहेर कोणी उभं आहे का बघ. मगाचपासून वाटतंय."

बाहेर कोणी नव्हतं. जिन्यावरचं कार्पेट, वाळत घातलेले मोजे.

मी दार लावून आत आलो आणि तिला म्हटलं, ऊठ, मी बसतो. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. तिनं जांभई दिली.

९

हे मी खुर्चीत बसून लिहिलंय. इथे लिहायला भरपूर वेळ मिळतो. ऑफिसचं काम इथूनच करतो; तशीही हल्ली अर्धी मंडळी घरूनच काम करतात. झोप येत नाही, भूक नेमकी लागते, मन शांत असतं. कस्तुरी आणि आई दोघींना मी या खोलीत यायचं नाही असं सांगितलंय. कारण सांगितलं नाही. कस्तुरी भांडली. नंतर दारातूनच डबा देऊ लागली आणि डबा देताना माझ्याकडे न बघता खुर्चीकडे बघू लागली. तिला किती कळलंय ते मी विचारलेलं नाही. आई तिला म्हणाल्याचं ऐकू आलं, "त्यांना बसू दे. त्यांच्यात धीर आहे." धीर आहे, हे खरं. पण मी कधीतरी उठेन आणि त्या दोघींपैकी कोणीतरी इथे बसेल, हे मला होऊ द्यायचं नाही. तनया नाताळला घरी येणार आहे. तिला कुठलीही खुर्ची चालते.

आणखी एक. डावी पाकळी काळवंडत चाललीये. एकाच पाकळीवर सतत वीज सोडली की असं होतं. धातू उडून काचेवर बसतो. उजेड सुरुवातीइतका राहिला नाही. बल्ब बदलायचा तर आधीचा काढावा लागेल. कप कसा पडला ते मी पाहिलंय.

भार दोन्ही पाकळ्यांवर वाटला तर बल्ब दुप्पट टिकेल. हे साधं गणित आहे. यात दुसरं काही कारण शोधायची गरज नाही.

परवा कस्तुरी आणि आई दुकानात गेल्या होत्या. मी गॅरेजमध्ये उतरलो. जेमतेम व्हॉल्व्हचे तंतू तापेपर्यंतचा वेळ मी खाली होतो, आणि तेवढ्यातही मला वॉर्ड रिकामा असल्यासारखं वाटत राहिलं. आधी एक जांभळी झाली, मग दोन्ही. वर आलो, खुर्चीत बसलो, स्विचवर हात ठेवला. नाना ड्यूटीला कधी उशिरा गेले नाहीत, असं आई सांगतात. दहा मिनिटं आधी जाऊन, बूट घालून, व्हरांड्यात उभे राहायचे. फार दिवस उभे होते बिचारे.

खटका मारला. उजवी पाकळीही पेटली. घुमघुम तळव्यांना लागली. मला एकदम इतकी गोड झोप आली की काय सांगू.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. कस्तुरी चहा घेऊन आली होती, उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून. मी एक पाऊल पुढे होऊन कप घेतला. घोट घेतला आणि कप जरा लांब धरला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

मी तिला फळीवरची बरणी काढायला सांगितली. एकच चमचा, म्हटलं. दोन फार होतील.